कादंबरीतली नायसिया परिषद आणि खरी परिषद : अभ्यासवर्गात कसं मांडायचं?

टिळकवाडी_वाचक

नमस्कार. बेळगाव कॅम्पातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी विचारतेय. पंधरा-अठरा मुलं आहेत, पदवीची आणि डिप्लोमाची. २००३ साली निघालेली, चर्चच्या गुपितांवरची ‘द दा विंची कोड’ ही गाजलेली थ्रिलर कादंबरी निम्म्यांनी मराठी अनुवादात वाचलीय, बाकीच्यांनी सिनेमा पाहिलाय. त्यांचे प्रश्न असे :

येशू देव आहे हे रोमी बादशहा कॉन्स्टंटाइननं ३२५ साली नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत मतं घेऊन ठरवलं का? बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची तेही तिथंच ठरलं आणि उरलेली जाळली का? मग्दालीया मरीया येशूची पत्नी होती हे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या नाग हम्मादीच्या पोथ्यांत खरंच लिहिलंय का?

कॉलेजात त्यांच्या शेजारी लिंगायत, जैन, मराठा मुलं बसतात आणि तीही हेच विचारतात. त्यांना ‘आमची श्रद्धा आहे’ एवढंच सांगून भागत नाही. हातात चार रविवार आहेत, दर वेळी पाऊण तास. वर्गात मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही चालतात. कुठल्या क्रमानं घ्यावं आणि कुठं पाय घसरतो, तेवढं सांगा.

सनावळीकर

अक्का, पहिल्या रविवारी वाद घालूच नका. फक्त सनावळी लावा. त्या कादंबरीतली जवळपास प्रत्येक चूक म्हणजे कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर याची गफलत आहे. ती डोळ्यांना दिसली की मुलं पुढचं स्वतःच विचारायला लागतात.

चार मीटर सुती दोरी घ्या, खिडकीच्या दोन गजांना ताणून बांधा, कपड्यांचे चिमटे आणा. प्रमाण ठेवा एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर. दोरीचं डावं टोक इसवी सन ३०, येशूच्या वधस्तंभाचं सुमाराचं वर्ष. मग कार्डं लावत जा. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र साधारण ६० सालचं, म्हणजे ३० सेंटीमीटरवर. बिथिनियाचा रोमी अधिकारी प्लिनी याचं बादशहा ट्राजनला पत्र, ११२ च्या सुमाराचं, ८२ वर. लियोंचा बिशप इरेनियस, १८० च्या आसपास, १५० वर. नायसिया परिषद ३२५, म्हणजे २९५ वर. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याचं ३६७ सालचं पत्र ३३७ वर. सगळ्यात शेवटी नाग हम्मादीच्या पोथ्या सापडल्या ते वर्ष, १९४५. ते कार्ड दोरीवर मावत नाही. टेपनं मोजलं तर १९ मीटर १५ सेंटीमीटर होतात. एखाद्या मुलाला ते हातात देऊन तेवढं अंतर चालत जायला सांगा. बहुतेक हॉलांत तो दाराबाहेर जाऊन उभा राहील.

आता प्लिनी आणि नायसिया यांच्यामधल्या मोकळ्या दोरीवर बोट ठेवा. २ मीटर १३ सेंटीमीटर. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांची चौकशी करणारा अधिकारी होता. तो बादशहाला कळवतो की हे लोक ठरल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीनं म्हणतात. आणि ज्या नायसियात पुढं परिषद भरली ते गाव, आजचं तुर्कस्तानातलं इझनिक, याच बिथिनियात येतं. म्हणजे जिथं ‘येशूला देव केलं’ असं कादंबरी सांगते, त्याच प्रांतात दोनशे वर्षं आधी लोक त्याला देव मानून गात होते, आणि हे आपल्याला सांगणारा आपल्या बाजूचा नाही. एकच पुरावा दाखवायला वेळ असेल तर हाच दाखवा.

दुसरा दगडातला आहे. इस्रायलमध्ये मगिद्दो इथल्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली साधारण २३० सालची मोझेकची फरशी सापडली. तिच्यावर ग्रीकमध्ये लिहिलंय की अकेप्तूस नावाच्या बाईनं ‘देव येशू ख्रिस्त’ याच्यासाठी मेज अर्पण केलं. कॉन्स्टंटाइनचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

एक खबरदारी. ग्रंथ कधी रचला आणि हातात असलेली प्रत कधीची, या दोन तारखा मुलं हमखास एक करतात. दोन रंगांची कार्डं करा : रचनेला पिवळं, प्रतीला पांढरं. नाग हम्मादीच्या प्रती चौथ्या शतकातल्या, पण त्यातले काही ग्रंथ दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रचलेले. आपल्या शुभवर्तमानांनाही तोच नियम लावायचा. एकाला रचनेची तारीख आणि दुसऱ्याला प्रतीची लावली तर ती लबाडी होते, आणि मुलांच्या ते लक्षात येतं.

कार्डांवर नावं देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहा. कोंकणी घरातल्या मुलांच्या कानावर ‘जेजू’ आणि ‘जुवांव’ बसलेलं असतं, ‘योहान’ म्हटल्यावर क्षणभर अडखळतात.

निपाणी_पाळक

दोरीची कल्पना उत्तम. दुसरा रविवार अख्खा नायसियाला द्या, कारण तिथं नेमकं काय झालं हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.

वाद ‘येशू साधा माणूस की देव’ असा नव्हताच. आरियस हा अलेक्झांड्रियाचा प्रेस्बिटर, म्हणजे बिशपाच्या हाताखालचा धर्मगुरू. त्याचं म्हणणं असं की पुत्र युगांच्या आधीचा आहे, सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ आहे, पण निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता अशी एक अवस्था होती. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणाला, पुत्र पित्याइतकाच सनातन. परिषदेनं ‘होमोऊसिओस’ हा शब्द घातला : पित्याशी एकच तत्त्व असलेला. म्हणजे आरियसचा येशूसुद्धा कादंबरीतल्या त्या ‘मर्त्य संदेष्ट्या’पेक्षा खूप उंच होता. हे मुलांना नीट समजलं की निम्मं काम झालं.

‘थोडक्या मतांनी निर्णय झाला’ असं कादंबरीत आहे. जमले होते अडीचशे ते तीनशेच्या घरात बिशप, परंपरा ३१८ म्हणते. शेवटपर्यंत सही नाकारली दोघांनी, टॉलेमाइसचा सेकुंदस आणि मार्मारिकाचा थेओनास. दोघेही लिबियाकडचे. पण ‘एकमतानं झालं’ असंही सांगू नका. काहींनी नाखुशीनं सही केली, आणि भांडण पुढं छप्पन्न वर्षं, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत चाललं.

आणि बादशहानं आपलं मत लादलं म्हणावं तर पुढचा इतिहास उलटा जातो. कॉन्स्टंटाइननं आरियसच्या बाजूच्या लोकांना काही वर्षांत परत बोलावलं, ३३५ मध्ये नायसियाचा कट्टर पाठीराखा अथानासियस याला ट्रियरला हद्दपार केलं, आणि ३३७ मध्ये मरायच्या आधी बाप्तिस्मा घेतला तो आरियसचा मित्र, निकोमेदियाचा युसेबियस याच्या हातून. इथं एक घोटाळा नेहमी होतो : इतिहासकार युसेबियस वेगळा, तो कैसरियाचा.

पुस्तकांच्या यादीबद्दल. परिषदेचे २० नियम आजही आहेत. त्यांची छापील प्रत काढा आणि मुलांनाच त्यात ‘शास्त्रातली पुस्तकं’ शोधायला सांगा. बिशप नेमताना किमान तिघं बिशप हजर हवेत हे सापडेल. धर्मसेवकांनी व्याजबट्टा करू नये हे सापडेल. रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करावी हे शेवटच्या नियमात आहे. ग्रंथांची यादी कुठंच नाही. पंधरा मिनिटांत होतं आणि व्याख्यानापेक्षा पक्कं बसतं. मग ही समजूत आली कुठून? नवव्या शतकातल्या एका ग्रीक संकलनात गोष्ट आहे की सगळे ग्रंथ वेदीपाशी ठेवले, प्रार्थना केली, आणि खरे ग्रंथ वर राहिले, खोटे खाली गेले. परिषदेनंतर पाचशे वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरनं ती चेष्टेसाठी वापरली आणि तिथून ती पसरली.

आता आपल्या बाजूच्या चुका. याच जास्त महाग पडतात.

‘चर्चनं एकही पुस्तक जाळलं नाही’ असं कधीही म्हणू नका. आरियसचं लिखाण जाळावं आणि लपवणाऱ्याला देहदंड द्यावा असा कॉन्स्टंटाइनचा हुकूम आहे. एखादा मुलगा मोबाइलवर तो शोधून काढेल आणि तुमचे चारही रविवार वाया जातील. आधी स्वतःच सांगा, आणि मग सांगा की ३०३ मध्ये रोमी बादशहा डायोक्लेशियननं ख्रिस्ती शास्त्रं जाळायचा हुकूम काढला होता, नायसियाला आलेल्या कित्येकांनी तो काळ सोसला होता.

‘सत्तावीस पुस्तकं पहिल्यापासून सर्वांना मान्य होती’ हेही खरं नाही. चार शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये आणि पौलाची पत्रं लवकर स्थिरावली. इब्री, याकोब, २ पेत्र, २ व ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण यांवर बराच काळ मतभेद होते. सिरियाक मंडळ्यांच्या जुन्या पेशित्ता भाषांतरात २२ च पुस्तकं आहेत. आपली सत्तावीसची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात. ३९७ मध्ये कार्थेजच्या सभेनं तीच धरली.

पन्नास बायबलांचा मुद्दाही निघेल. कॉन्स्टंटाइननं ३३१ च्या सुमारास कैसरियाच्या युसेबियसकडून नव्या राजधानीतल्या चर्चांसाठी चर्मपत्रावर पन्नास प्रती करून मागवल्या, हे खरं आहे. पण ‘त्यानं मजकूर बदलला’ हे टिकत नाही, कारण त्याच्या आधीच्या प्रती आपल्याकडं आहेत. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातला पपायरस ४५ हा हस्तलिखित ग्रंथ तिसऱ्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला. त्याची तीसच पानं उरलीत, पण चारही शुभवर्तमानं आणि कृत्ये एकाच बांधणीत आहेत. त्यात येशू तोच आहे.

नंदगडकर

पाळकसाहेब, एक भर घालतो. कार्थेजच्या यादीत जुन्या कराराची जी पुस्तकं आहेत त्यांत तोबीत, यहूदीथ, मक्काबी हीही येतात. कॅम्पातल्या वर्गात कॅथलिक आणि मेथडिस्ट मुलं शेजारी बसलेली असणार. ‘कार्थेजनं आपलं बायबल ठरवलं’ म्हटलं की बायबलात पुस्तकं ६६ का ७३ हा वाद उभा राहतो आणि कादंबरी बाजूला पडते. नव्या करारापुरतंच बोला, तिथं दोघांची पुस्तकं तीच सत्तावीस आहेत.

तिसरा रविवार मरीया मग्दालीयेचा करा. इथं जरा सावकाश जा, कारण त्या कादंबरीनं मुलींच्या मनात एक खरा प्रश्न जागा केलाय : या बाईवर अन्याय झाला का? उत्तर आहे, होय, झाला. ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात लूक ७ मधली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघींना एकच बाई मानलं. पश्चिमेत तेव्हापासून तिचं चित्र पश्चात्ताप करणाऱ्या वेश्येचं झालं. पूर्वेच्या चर्चांनी हे कधी मानलं नाही. शुभवर्तमानात तिच्याबद्दल एवढंच आहे : तिच्यातून सात भुतं निघाली, आपल्या पैशानं येशूची सेवा करणाऱ्या स्त्रियांत ती होती, वधस्तंभापाशी ती उभी होती, आणि उठलेल्या प्रभूला योहान २० मध्ये तिनं सगळ्यांच्या आधी पाहिलं. १९६९ मध्ये रोमन पंचांग सुधारताना तिला त्या पापी स्त्रीपासून वेगळं केलं, आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. हे आपण होऊन सांगा. कादंबरीनं विचारायच्या आधी आपण सांगायला हवं होतं.

आता लग्नाचा दावा. मृत समुद्राच्या गुंडाळ्या हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो : मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकरा गुहांत सापडलेलं हे साहित्य यहुदी आहे, तिथं एकही शुभवर्तमान नाही, मरीया मग्दालीया नाही. सगळा आधार आहे तो नाग हम्मादीच्या ‘फिलिप्पाच्या शुभवर्तमाना’तल्या एका जागेवर. तो ग्रंथ बहुधा तिसऱ्या शतकातला, म्हणजे दोरीवर दोन मीटरच्या आसपास.

ती जागा जवळून पाहा. पपायरसला तिथं भोकं पडली आहेत. वाक्य असं आहे : तो तिच्यावर सगळ्या शिष्यांपेक्षा जास्त प्रीती करी आणि तिच्या ___ चं चुंबन घेई. नेमका तोच शब्द पानावर नाही. ओठ, गाल, कपाळ, हात, जो तो आपापला शब्द घालतो. वर्गात हे वाक्य फळ्यावर रिकामी जागा ठेवूनच लिहा, भरू नका. पवित्र चुंबनानं अभिवादन करा असं पौलही रोमकरांस १६ मध्ये सांगतो, म्हणजे मंडळीत ती रीत होतीच.

दुसरा शब्द ‘सोबतीण’. कादंबरीतलं पात्र सांगतं की कुठलाही अरामी भाषेचा जाणकार याचा अर्थ पत्नी असाच सांगेल. पण तो ग्रंथ अरामीत नाही, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेत आहे, आणि तिथं वापरलेला ‘कोइनोनोस’ हा शब्द ग्रीक आहे. हाच शब्द लूक ५:१० मध्ये येतो : याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीतले ‘भागीदार’. मराठीत तर धोका दुप्पट. कुणी ‘सहचारिणी’ असं भाषांतर केलं की आपल्या कानाला पत्नीशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. फळ्यावर ‘भागीदार’ लिहा आणि मग वाक्य वाचून दाखवा.

उलट बाजूनं १ करिंथ ९:५ उघडा. इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा (म्हणजे पेत्र) यांना पत्नीला बरोबर घेऊन फिरायचा हक्क आहे, तसा मलाही आहे, असं पौल म्हणतो. येशूचं लग्न झालेलं असतं तर त्याच्याइतकं मोठं उदाहरण पौलाला दुसरं नव्हतं. ‘यहुदी पुरुष अविवाहित राहूच शकत नसे’ हेही खरं नाही. एसेनी या यहुदी पंथातले अविवाहित लोक योसेफस आणि फिलो या पहिल्या शतकातल्या दोन्ही यहुदी लेखकांनी नोंदवलेत.

आणखी एक. नाग हम्मादीच्या ग्रंथांत येशू जास्त मानवी आहे आणि स्त्रीला मान आहे, असा समज असतो. थोमाच्या शुभवर्तमानातलं शेवटचं, ११४ वं वचन मोठ्यानं वाचा. पेत्र म्हणतो मरीयेला आपल्यातून घालवा, आणि येशू म्हणतो मी तिला पुरुष करीन. यानंतर योहान २० वाचा. दोन्हींमध्ये मला काही बोलावं लागत नाही.

‘व्हॅटिकननं दडवलं’ म्हणाल तर त्या पोथ्या कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत, आणि १९७७ पासून सबंध इंग्रजी भाषांतर छापलेलं मिळतं.

टिळकवाडी_वाचक

खूप आभार. दोन प्रश्न उरले. कादंबरीत म्हटलंय की सगळं इतर धर्मांतून उचललेलं आहे : नवजात कृष्णालाही सोनं, ऊद आणि गंधरस भेट दिले होते, आणि रविवार कॉन्स्टंटाइननं सूर्यपूजेतून आणला. आणि येशूच्या वंशाचं गुपित जपणाऱ्या, कादंबरीतल्या त्या गुप्त संघटनेचं, प्रायरी ऑफ सायनचं काय?

सनावळीकर

चौथ्या रविवारी हेच घ्या. कृष्णाच्या मुद्द्यावर तुम्हाला काही सांगायचीच गरज नाही. मुलांना म्हणा, शेजारच्या घरी जाऊन विचारा. आपल्याकडं गोकुळाष्टमीचं कीर्तन ऐकलेल्या कुठल्याही आजीला भागवताचा दशम स्कंध तोंडपाठ असतो : कंसाचा बंदिवास, मध्यरात्रीचा जन्म, वसुदेवानं यमुना ओलांडणं, गोकुळात नंदाच्या घरचा उत्सव. सोनं-ऊद-गंधरसाची भेट त्यात कुठंच नाही. म्हणजे कादंबरीनं फक्त आपल्याबद्दल चुकीचं लिहिलेलं नाही, शेजाऱ्यांच्या ग्रंथाबद्दलही लिहिलंय. हे त्यांच्याशी मिळून तपासा, वादाचा सूर आपोआप निवळतो. पण बोलताना त्यांच्या कथेला कमी लेखणारा एक शब्दही येऊ देऊ नका.

रविवारचं असं. कॉन्स्टंटाइननं ३२१ मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा कायदा केला, आणि त्यात ‘सूर्याचा पूज्य दिवस’ असेच शब्द आहेत. ते मान्य करा. पण सुट्टी देणं वेगळं आणि उपासना सुरू करणं वेगळं. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर १५५ च्या सुमारास रोममधून लिहितो की रविवारी आम्ही एकत्र जमतो, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचतो, मग भाकर आणि द्राक्षारस वाटतो. दोरीवर १२५ सेंटीमीटर, कायद्याच्या १६६ सेंटीमीटर आधी.

गुप्त संघटनेला दहा मिनिटं पुरतात. प्रायरी ऑफ सायन १९५६ साली फ्रान्सच्या आनमास गावात प्येर प्लांतार आणि त्याच्या मित्रांनी स्थापन केली. ती मध्ययुगातली असल्याचे ‘पुरावे’ १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बनावट कागद ठेवून तयार केले गेले. १९९३ मध्ये प्लांतारनं शपथेवर कबूल केलं की सगळं रचलेलं होतं.

चित्राचाही प्रश्न येईलच, कारण शेवटच्या भोजनाच्या चित्रात येशूशेजारी मग्दालीया बसलीय असं कादंबरी सांगते. लिओनार्दोनं शेवटचं भोजन १४९५ ते १४९८ मध्ये मिलानच्या मठातल्या भिंतीवर रंगवलं. येशूशेजारची बिनदाढीची आकृती योहानाची आहे. त्या काळच्या इटालियन चित्रांत योहान असाच कोवळा तरुण असतो. याच विषयाची फ्लोरेन्समधली दोन-तीन भित्तिचित्रं छापून शेजारी ठेवा आणि प्रत्येकात योहान कुठला ते मुलांना ओळखू द्या.

निपाणी_पाळक

एक राहिलं. ज्या मुलानं कादंबरी खरी मानलीय त्याला पहिल्याच रविवारी दोरी धरायला उभं करा, आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहून चारही आठवडे राहू द्या. ‘विश्वास कमी म्हणून विचारतोस का’ हे वाक्य वर्गात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये, वडीलधाऱ्यांच्या तर नाहीच. थोमानं विचारलं तेव्हा प्रभूनं त्याला हात पुढं करायला सांगितलं, योहान २०:२७. तिसऱ्या रविवारी योहान २० काढणारच आहात, तर तेवढं वचन जाता जाता वाचा.